दोनदा वितळणारा साबण

शुद्ध साबणाला थंड पाण्यात फेस फारसा येत नाही. ही गोष्ट मला आमच्या आतेकडून कळली, तीही तिच्या रागातून. त्याआधी दोन वर्षं मी मुंबईच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत साबणच करत होते, पण त्याने हात धुऊन पाहावेत असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

साबण हे एक मीठच आहे. खाण्याच्या मिठात सोडियम असतं तसं साबणातही असतं, फक्त त्याच्या जोडीला चरबीतलं एक लांबलचक आम्ल असतं. एका टोकाला विद्युतभार, दुसऱ्या टोकाला तेलकट शेपूट. साधं मीठ पुरेसं तापवलं की एका ठरलेल्या अंशाला वितळतं आणि पाण्यासारखं नितळ होतं. हे शेपटीचं मीठ तसं वागत नाही. अडीचशे अंशांच्या थोडं वर ते वाहू लागतं, पण गढूळ राहतं. शेपट्या सैल पडलेल्या असतात, भारित टोकं मात्र एकमेकांना धरून रांगेत उभी असतात. आणखी तीसेक अंश वर गेलं की रांगा मोडतात आणि सगळं एकदम स्वच्छ होतं. मधल्या तीस अंशांत नळीत जे असतं ते तांदळाच्या धुवणासारखं दिसतं, पण त्याला आतून चमक असते, शिंपल्याच्या आतल्या बाजूला असते तशी. मला स्वप्नं फारशी पडत नाहीत. पडलीच तर ती याच रंगाची असतात.

आज अशा पदार्थांना द्रवस्फटिक म्हणतात आणि त्यांचे भाऊबंद लोकांच्या मनगटी घड्याळांत बसलेत. साठ सालानंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे काचेच्या बारीक नळ्या, एक थर्मामीटर, एक भिंग आणि सरांचा संशय एवढंच होतं.

सर माझे मार्गदर्शक. माणूस न्यायी होता, त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येत नसे. एप्रिलच्या शेवटी त्यांनी माझी वही मिटली आणि म्हणाले, "शुद्ध पदार्थाला एक द्रवणांक असतो. तू दोन दाखवते आहेस. एक तर तू म्हणतेस तसा हा पदार्थच वेगळा आहे, नाहीतर त्यात मळ आहे आणि आधी मळ वितळतोय. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसणार."

"मळ नाही, सर."

"मग जूनमध्ये येताना ते दाखव. नाहीतर विषय बदलू. उगीच तिसरं वर्ष घालवू नकोस."

दोन वर्षांचं काम, आणि ते खरं आहे की मळ आहे हे मलाच सांगता येत नव्हतं. मे महिनाभर प्रयोगशाळेला कुलूप. म्हणून मी नळ्या, थर्मामीटर, भिंग, सरांच्या सहीच्या चिठ्ठीवर मिळालेल्या स्पिरिटच्या बाटल्या आणि शुद्ध आम्लापासून केलेलं माझं पांढरं मीठ पेंढ्यात गुंडाळून करंडीत भरलं आणि मालवणची बोट धरली. बोट बंदरापासून दूर उभी राहायची, तिथून पडावात, म्हणजे होडीत, उतरायचं. मी करंडी छातीशी धरून उतरताना खलाशी म्हणाला, "बाय, अंडी हाडलंस काय गो मुंबैसून?"

"व्हय, अंडीच," मी म्हटलं. थर्मामीटर समजावत बसण्याची ती जागा नव्हती.

आमच्या बागेत, घरापासून वीस पावलांवर, मांगर होता. नारळ आणि पेंढा ठेवायची ती झोपडीवजा खोली. तिच्या छपरात एक काचेचं कौल होतं आणि दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान त्यातून उन्हाचा एक जाड दांडा सरळ जमिनीवर उतरायचा. नळीत गढूळ आहे की नितळ हे पाहायला याहून चांगला दिवा मुंबईतही नव्हता. फक्त तो तासभरच असायचा.

तापवायला धातूचा ठोकळा हवा होता. वडिलांचं किराण्याचं दुकान; सरकारने किलो आणल्यापासून शेराची जुनी वजनं पोत्यांमागे पडून होती. त्यातलं दोन शेरांचं पितळी वजन उचलून मी बाजारातल्या तांबटाकडे गेले. वरून दोन भोकं, एक थर्मामीटरला आणि एक नळ्यांना, आणि बाजूने आरपार एक, पाहायला.

"वजनाक भोक पाडलंय म्हणान सरकार माका धरूचा नाय मां?" तांबटाने विचारलं.

"सरकारानच ता मोडीत काढलेला आसा."

"तर मगे तू बंदूकच बनव त्येची," तो म्हणाला आणि भोकं अगदी सरळ पाडून दिली.

पहिले आठ-दहा दिवस छान गेले. मी मीठ स्पिरिटमध्ये विरघळवायची, थंड करायची, पुन्हा स्फटिक करायची. मळ असेल तर दर धुण्यात थोडा कमी व्हायला हवा आणि आकडे हलायला हवेत. तिसऱ्या खेपेचं मीठ गाळणीच्या कागदावर पसरून मी मांगराच्या खिडकीत पाटावर वाळत ठेवलं. आते डोकावून गेली. ती वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेल्यावर परत आली आणि तेव्हापासून घर तिच्याच तोंडावर चालत होतं.

"ता पांढरा काय गो?"

"साबण तो, आते. फक्त एकदम शुद्ध."

हे मी बोलायला नको होतं. आमच्याकडे शुद्ध म्हणजे वापरायला उत्तम. हात न लावता नुसतं बघत बसण्यासाठी कोणी वस्तू शुद्ध करत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात गेले होते. परत आले तर आते विहिरीवर हात नाकाशी धरून उभी. बाजूला साफ केलेल्या बांगडा माशांचं टोपलं.

"दोन वर्सां मुंबैत शिकान ह्योच साबण केलंस?" तिने मला लांबूनच विचारलं. "फेस नाय, वास नाय. नुसती गुठळी जाता हातार. माजे हात अजून बांगड्यासारखे घाण मारतत! ह्येच्यापरीस चुलीतली राख बरी."

"किती घेतलंस?"

"घेतलंय किती म्हणान काय इचारतंस? होतो तो सगळो घेतलंय. तरी उपेग नाय."

आमच्या विहिरीचं पाणी थंड, शिवाय समुद्राजवळचं, जड. त्यात माझ्या मिठाचा नुसता चोथा झाला होता आणि तो विहिरीच्या चिऱ्यावर वाळत होता. मी मांगरात जाऊन कागद पाहिला. कडेला आणि घडीत पांढरी भुकटी चिकटलेली होती. ब्लेडने खरवडली तर दोन नळ्यांच्या तळाला पुरेल एवढी निघाली. त्यातली एक नळी मी भरून तिचं तोंड ज्योतीत बंद केलं. उरलेली चिमूटभर कागदाच्या पुडीत ठेवली. मग पाटावर बसून राहिले.

आते दारात आली. मी ओरडले असते तर ती दुप्पट ओरडून मोकळी झाली असती. मी तिला सगळं सरळ सांगितलं. हे मीठ दोनदा वितळतं, सरांना ते मळ वाटतं, आणि मळ नाही हे दाखवायला आता माझ्याकडे मीठच नाही. जूनमध्ये विषय सोडावा लागेल.

"दोन वर्सांचा?" तिने विचारलं.

"दोन वर्सांचा."

ती वळून घरात गेली. जेवताना तिने कोणाला एकदाही टोकलं नाही. वडिलांनी दोनदा तिच्याकडे पाहिलं, कारण आमच्या घरात असं होत नसे.

सकाळी मी मांगरात गेले तर पाटावर भिरंडेलाचे तीन गोळे मांडलेले होते. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांतलं घट्ट तेल. आते दर मे महिन्यात ते करायची: बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, निवल्यावर वर आलेला थर काढून मुठीत दाबून गोळा करायचा. प्रत्येक गोळ्यावर तिच्या चार बोटांचे वळ असत. टाचांच्या भेगांना आम्ही ते लावायचो.

"तुज्या साबणाक चरबीच लागता मां?" ती मागे उभी होती. "मगे ह्येच्यातसून कर."

मला हसू येणार होतं, आणि मग एकदम आलं नाही. मला हवं असलेलं आम्ल कोकमाच्या तेलात भरपूर असतं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. प्रयोगशाळेत आम्ही ते बाटलीतून घ्यायचो. ते आमच्या टाचांवर असतं, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

आणि आणखी एक गोष्ट डोक्यात आली. बाटलीतल्या आम्लात मळ असेल तर तो कारखान्यातला असेल. कोकमात मळ असेल तर तो कोकमाचा. दोन वेगळ्या मुलखांतले मळ एकाच अंशाला वितळणार नाहीत. कोकमातून केलेलं मीठ जर त्याच दोन ठिकाणी वितळलं, तर तो मळ असूच शकत नाही.

आतेला मी हे सांगितलं तेव्हा ती वैतागली. "ह्यां काय सांगतंस? भिरंडेलात कोण खोबरेल घालता ता आमी कसा वळखतो? हातात धरूचा. खोबरेल आसला तर खंयपण वितळान सुटाक लागता, आज हंय, उद्या थंय. खरा आसला तर थांबता, थांबता, आणि मगे दर खेपेक थंयच सुटता."

सर जे म्हणत होते तेच. फक्त सरांकडे तळहात नव्हता.

कामाला लागलो. कॉस्टिक सोडा दुकानातच होता. भिरंडेल त्यात उकळून मी आधी ओबडधोबड साबण केला, मग सोनाराकडून आणलेल्या तेजाबाने तो फोडून आम्लं मोकळी केली. ती पिवळट निघाली, कारण कोकमात मला हवं असलेल्या आम्लाबरोबर दुसरंही एक पातळ आम्ल असतं. त्यांना वेगळं करायचं तर गरम स्पिरिटमध्ये विरघळवून थंड करायचं. हवं ते खाली बसतं, नको ते वर राहतं. बर्फ कुठला मिळायला? बाटलीला सुंभ बांधून मी ती विहिरीत पाण्याशी टेकेल अशी सोडली.

"दारूबंदीत घरात दारू हाडलीन," आते शेजारच्या बागेला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आणि ती बावीत सोडलीन! पोलीस इले तर मी सांगतलंय, माका म्हायत नाय, भाचयेक इचारा."

दोन तासांनी बाटली वर ओढली की तळाला पांढरे पापुद्रे बसलेले असायचे. खाली काळं पाणी, त्यात आभाळाचा एक तुकडा, त्यात तरंगती बाटली, आणि तिच्यात कोणी हात न लावता हळूहळू रांगा लावत बसलेलं काहीतरी. मी विहिरीच्या काठावर वाकून ते बघत बसायची. कामं पडलेली असायची. बागेत माडांच्या झावळ्या एकाच वेळी हलायच्या आणि एकाच वेळी थांबायच्या, आणि समुद्र दिसत नसला तरी त्याचा आवाज जमिनीतून पायांत यायचा. दुपारच्या उन्हात वाळूवरची हवा थरथरे, तिच्यातून पलीकडची होडी वितळल्यासारखी दिसे. होडी आहे की पाणी हे काही वेळ ठरत नसे. मी त्या दिवसांत अशा बऱ्याच गोष्टी पाहिल्या ज्यांचं एक काही ठरलेलं नव्हतं, आणि त्यांची मला सवय झाली.

दर धुण्यानंतर चिमूटभर आम्लाचं मीठ करून मी नळीत भरायची. दोन वाजता उन्हाचा दांडा खाली उतरला की आरशाने तो वजनाच्या आरपार भोकात पाठवायचा, खाली स्टोव्ह. स्टोव्ह आतेने स्वतःकडे घेतला. मी तो पेटवला की आकडा उड्या मारायचा. तिला तेल काढताना आच राखायची सवय. पंपाला बोट लावून ती थर्मामीटर एकेक अंशाने वर न्यायची. त्यातलं तिला वाचता येत नव्हतं. मी "हळू" म्हटलं की हळू.

पहिल्या धुण्याचं मीठ फार आधीच पाघळलं आणि कधी नितळ झालं ते नीट कळलंही नाही. मी वहीत लिहिलं आणि जेवले नाही. दुसऱ्याचं थोडं वर सरकलं. तिसऱ्याचं आणखी थोडं. दोन्ही आकडे, गढूळ होण्याचा आणि नितळ होण्याचा, शिडी चढल्यासारखे वर येत होते. पाचव्याला ते एका ठिकाणी आले. सहाव्या धुण्यानंतरही तिथेच.

"हलाक नाय," मी म्हटलं.

"थांबलो?"

"थांबलो."

"मगे ती त्येची जागा," आते म्हणाली आणि स्टोव्हची हवा सोडली.

ती जागा माझ्या मुंबईच्या वहीतल्या आकड्यांना लागूनच होती. पण वहीतले आकडे मुंबईचे, दुसऱ्या ठोकळ्यात घेतलेले. सर हेच पहिलं बोलतील हे मला माहीत होतं. त्याला एकच उत्तर होतं. जुनं मीठ, नवं मीठ आणि दोघांचं मिश्रण, तीन नळ्या शेजारी शेजारी, एकाच भोकात, एकाच आचेवर. दोन्ही एकच पदार्थ असतील तर तिन्ही बरोबर वितळतील. जरासाही फरक असेल तर मधली, मिश्रणाची, आधी कोसळेल. जुन्या मिठाची एक नळी होती आणि पुडीतली चिमूट. चिमूट मिश्रणात गेली. म्हणजे एकदाच. पुन्हा करायला काही उरणार नव्हतं.

त्या दुपारी वारा होता. वडिलांनी दुकानातून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा कापून आणला आणि स्टोव्हभोवती उभा केला, मग जायचं सोडून तिथेच थांबले. आतेने त्यांना थर्मामीटरच्या बाजूला बसवलं, "उजेड अडयतंस."

दोनशेपर्यंत काही झालं नाही. तीन पांढऱ्या काड्या. मग त्यांचा पांढरेपणा जरा मेणासारखा झाला. मी भिंगाला डोळा लावला तो काढला नाही. आकडा वडील वाचत होते. दोनशे चाळीस. पन्नास. मी "हळू" म्हटलं. आतेचं बोट हललंसुद्धा नसेल. मधल्या नळीच्या कडेला काहीतरी ओलं दिसलं. मी आणखी पुढे वाकले.

"काय?" आते.

"थांब."

मग डावीही ओली झाली. उजवीही. तिन्ही काड्या एकाच वेळी खचल्या आणि तळाला जाऊन बसल्या, दुधाळ, चमकणाऱ्या.

"वाचा," मी म्हटलं. वडिलांनी वाचलं.

त्यानंतरची वीसेक मिनिटं मी कुठे होते ते मला आजही नीट सांगता येत नाही. भिंगात शिंपल्याच्या रंगाची तीन थेंबांची रांग होती, आणि ती वाहत असूनही स्थिर होती. त्यात उजेड एका बाजूने जात होता आणि दुसरीकडून मऊ होऊन येत होता. स्टोव्हचा आवाज समुद्राचा वाटायला लागला. कोणीतरी आकडे म्हणत होतं, लांबून, जसे बोटीवर पाण्याची खोली मोजताना म्हणतात. मला एवढंच कळत होतं की हे काही वितळून संपलेलं नाही आणि काही गोठूनही राहिलेलं नाही, आणि याला असंच राहायचा हक्क आहे.

मग तिन्हींच्या वरच्या कडेला एक रेघ उमटली. रेघ खाली सरकली, आणि तिच्यामागे काहीच नव्हतं, फक्त काच. डावी, जुन्या मिठाची नळी जरा तांबूस पडली होती, पण नितळ झाली ती इतर दोघींच्या बरोबर.

"वाचा," मी पुन्हा म्हटलं, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला.

आतेने मला ढकलून स्वतः भिंगाला डोळा लावला. "ह्येच्यात काय बघूचा? काय नाय ह्येच्यात."

"ताच. काय नाय."

"मळ नाय?"

"मळ नाय, आते."

"माज्या भिरंडेलात मळ आसतलो कसो?" ती म्हणाली, आणि वडिलांना भात वाढायला निघून गेली. दुपारचे तीन वाजत आले होते आणि कोणीच जेवलेलं नव्हतं.

जूनमध्ये सरांनी माझी वही उभ्याउभ्या वाचली. मग खुर्ची ओढून पुन्हा पहिल्यापासून वाचली. तीन नळ्यांच्या पानावर ते थांबले. "तिन्ही एकत्र?"

"हो."

"आच कोणी सांभाळली?"

"घरच्यांनी."

त्यांनी कोकमाचं उरलेलं मीठ मागून घेतलं आणि दुपारी स्वतः तापवायला बसले. मी बाजूला उभी होते. गढूळ झालं तेव्हा ते "हं" म्हणाले. शिपायाने आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. नितळ झाल्यावर त्यांनी भिंगावरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "यात लांबी कमीजास्त केली तर काय होईल? शेपटीची?"

"माहीत नाही, सर. करून पाहीन."

"मग पाहा. आणि हे लिहायला घे."

मी वसतिगृहात आले, दार लावलं आणि टेबल खिडकीशी ओढलं. पहिलं वाक्य लिहिलं: या क्षाराला दोन संक्रमण तापमानं असावीत असं दिसतं. वाचलं. शेवटचे तीन शब्द खोडले आणि तिथे लिहिलं, आहेत. मग पुढे लिहू लागले.